घरी १२ फुटी मासेमारीची होडी बांधायचीय (प्लाय + इपॉक्सी + फायबर) : सल्ला द्या

निपाणीची_वखार

राम राम मंडळी. मी निपाणीचा. घरची तंबाखूची जुनी वखार हाय, धंदा बंद झाल्यापासून रिकामीच पडलीय, पत्रा शाबूत, फरशी कोरडी. सासुरवाडी हिडकल धरणाच्या फुगवट्याला अगदी खेटून आणि मेव्हण्याकडं मासेमारीचं लायसन हाय. सध्या तो आणि त्याचा चुलतभाऊ ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून जाळं टाकायला जातात, वारा सुटला की ट्यूब गरगर फिरते आणि इकडं घरातल्यांचा जीव टांगणीला. म्हटलं आपणच एक होडी बांधून देऊ. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, दोन माणसं, जाळं आणि एक क्रेट मासे एवढंच. वल्ह्यावर चालणारी, मोटर नको.

व्हिडिओ बघून बघून डोळे गेले ओ. ते प्लायच्या पट्ट्या कापून तारेनं शिवतात, मग सांध्यात इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणारं चिकट) भरून वरून फायबरग्लासचं कापड चढवतात, ती पद्धत मला जमण्यासारखी वाटते कारण सुतारकाम मला बेताचंच येतंय, मामांबरोबर दारं-खिडक्या केल्यात तेवढंच. पण इथं हार्डवेअरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो इपॉक्सी-बिपॉक्सी कशाला, फायबरवाले सगळे साधं रेझिनच वापरतात, त्यात मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) बुडवायची आणि चिकटवायची, निम्म्या पैशात काम होतंय. खरं काय? आणि प्लाय कुठला घेऊ, मरीन म्हणून विकतात ते खरंच मरीन असतंय का? माल बेळगावात मिळेल का कोल्हापूर गाठू? आत्ता फेब्रुवारी चालू हाय, पावसाआधी उरकेल का? केलेल्यांनी सांगा, नुसतं "मस्त आयडिया" नको.

शहापूरचा_मूर्तिकार

तुमचा हार्डवेअरवाला खोटं बोलत नाही, पण तो साच्यातल्या कामाचं सांगतोय. आम्ही गणपतीचे साचे, कमानी, देखाव्याचे खांब सगळं त्याच साध्या, म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅटमध्येच करतो. गोव्यात, मालवणात फायबरच्या होड्या होतात त्यापण बहुतेक पॉलिएस्टरच्याच. पण तिथं काचेच्या थरावर थर साच्यात बसवून अख्खी होडीच फायबरची निघते. तुम्ही प्लायवर चढवणार. लाकूड ओलाव्यानं फुगतं, उन्हानं आखडतं आणि पॉलिएस्टर कडक, ठिसूळ, लाकडाला त्याची पकड कमी. कडेनं सुटायला लागलं की आत पाणी शिरतं, ते बाहेर येत नाही, वरून होडी चकाचक आणि आत प्लाय कुजलेला. लाकडावर इपॉक्सीच, माझा धंदा पॉलिएस्टरचा असून सांगतोय.

आणि तरीपण कुणी पॉलिएस्टर घेतलंच तर एक गोष्ट लक्षात ठेवा, त्याला दोन बाटल्या येतात, एक जांभळट कोबाल्ट आणि एक हार्डनर म्हणजे एमईकेपी. ह्या दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग एमईकेपी, तेही शंभराला एक-दोन टक्के. एमईकेपी डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. आमच्याकडं पोरं चष्मा घालायला लाजतात, त्यांना मी कामावरच घेत नाही.

अजून एक, होडीत थर्माकोल भरायचा विचार असेल तर पॉलिएस्टर त्याला लागू देऊ नका, त्यातल्या स्टायरीन द्रावणानं थर्माकोल जागच्या जागी विरघळतो. इपॉक्सीनं काही होत नाही.

उद्यमबाग_पॅटर्न

मूर्तिकार काका बरोबर बोलले. आमचं पॅटर्न शॉप हाय, फाउंड्रीला पॅटर्न आणि कोअर बॉक्स (ओतकामाचे नमुने-साचे) करून देतो, इपॉक्सी रोजचंच. निपाणीकर, कोल्हापूरला जायची गरज न्हाई. बेळगावात एवढी ओतकामं हायत की इपॉक्सी मिळत न्हाई असं होतच न्हाई, फक्त हार्डवेअरच्या दुकानात विचारू नको, उद्यमबागेत पॅटर्नवाल्यांना माल कोण देतंय ते विचार.

बाजारात सगळ्यात जास्त दिसतंय ते एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर. वजनानं शंभरला दहा. हे चालतंय, पण एक अडचण सांगतो. शंभर ग्रॅम रेझिनला दहाच ग्रॅम हार्डनर, म्हणजे तुझ्या किचनच्या काट्यानं एक ग्रॅम इकडं-तिकडं केलं की हार्डनर दहा टक्क्यांनी चुकला. एक ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घे, सोनाराकडं असतो तसला. आणि "लवकर वाळावं म्हणून हार्डनर जरा जास्त" हे पॉलिएस्टरवाल्यांचं खूळ इथं आणू नको. पॉलिएस्टरला हार्डनर कमी-जास्त करून वेळ बदलता येतो. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा संसार हाय, जास्त झाला तर कायमचा मऊ राहतो, कमी झाला तरी चिकट. मग खरवडून काढा सगळं. तुझं सुतारकाम बेताचं असलं तरी इपॉक्सी सांभाळून घेतंय, दोन-तीन मिलिमीटरची फट भरून काढतंय, पण मापात चुकलास की सांभाळत न्हाई.

जमलं तर दोनास एक प्रमाणाचा स्लो हार्डनरवाला सेट मागून घे, महाग पडतो पण नवख्याला बरा. मोजायला सोपं आणि हाताला वेळ मिळतो. एचवाय ९५१ उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या आत मगात घट्ट व्हायला लागतंय आणि तापमान दहा डिग्रीनं वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो. कालवल्यावर मगात ठेवून गप्पा मारायच्या न्हाईत. ढीग जेवढा जाड तेवढी उष्णता आतल्या आत कोंडते, त्यानं प्लास्टिकचा मग वितळून खाली बसतो आणि धूर निघतो. कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओत.

हातमोजे नायट्राइलचे. हाताला लागलं तर थिनरनं पुसू नको, थिनर रेझिनला कातडीच्या आत नेतो. आधी कागदानं पुसायचं मग साबण. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की जन्मभर, नुसत्या वासानं तोंड सुजलेली माणसं आमच्या धंद्यात बघायला मिळतात. पूर्ण न वाळलेलं इपॉक्सी घासू नको, ती धूळ सगळ्यात वाईट.

खानापूर_मलप्रभा

मधेच घुसतोय, रागावू नका. आमच्या काकांची जुनी फळ्यांची होडी हाय, गळते. तिच्यावरच हे इपॉक्सी आणि फायबर चढवलं तर? नवीन बांधायचा खटाटोप तरी वाचेल.

फोंड्यातला_बेळगावकर

नका चढवू. मी मूळचा अनगोळचा, सध्या फोंड्याला असतो, बोटींच्या कामात. फळ्यांची होडी म्हणजे प्रत्येक फळी स्वतंत्र हलते, पाण्यात गेली की फुगून सांधा बंद होतो, उन्हात काढली की उघडतो. त्याच्यावर पातळ कापड ओढलं तर सांध्यावरच फाटतं. आणि जुन्या लाकडात मुरलेलं पाणी आणि वर्षानुवर्षाचं तेल असतंच, त्याच्यावर काही धरत नाही, उलट आत कोंडून लाकूड दुप्पट वेगानं कुजतं. काकांना सांगा दोरा-राळ परत भरून घ्या. फायबर चढवायचं तर लाकूड कोरडं आणि न हलणारं पाहिजे, म्हणूनच प्लाय. कोचीनच्या सीआयएफटी या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या झाडाच्या लाकडाच्या होड्या केल्या, त्यातपण लाकडाला आधी प्रिझर्वेटिव्ह देऊन मगच फायबर चढवलं.

आता निपाणीकर तुमचं. तुम्ही म्हणता ती शिवून चिकटवायची पद्धत काही नवीन खूळ नाही, १९६२-६३ साली इंग्लंडमध्ये मिरर नावाची छोटी शिडाची डिंगी निघाली, घरोघरी लोकांनी गॅरेजात बांधली, सत्तर हजाराच्या वर झाल्या. तांब्याच्या तारेनं शिवून सांध्याला फायबरची पट्टी, तेव्हा पट्टी पॉलिएस्टरची होती, आता सगळे इपॉक्सी वापरतात.

प्लायचं सांगतो. आपल्याकडं मरीन प्लायला आयएस ७१० हे मानक असतं, आयएस ३०३ म्हणजे साधा, तो घेऊ नका. शिक्का सगळ्यांवरच असतो हो, त्यामुळं शिक्का बघून थांबायचं नाही. दुकानदाराकडनं तुकडा मागा, दिवसभर साध्या पातेल्यात (कुकरात नको) उकळा, वाळवा, परत उकळा. थर सुटले तर तो मरीन नव्हे. (आयएस ७१० ची खरी चाचणी ७२ तास उकळायची आहे, घरात तेवढा गॅस कोण जाळतंय.) आणि कापलेल्या कडेकडे बघा, आत पोकळ्या दिसल्या तर शीट परत. पोकळीच्या जागी प्लाय वाकवताना मोडतो आणि पाणी तिथंच साठतं.

६ मिलिमीटरच्या ८ बाय ४ च्या चार शीट. तीन शीटमध्ये तळ आणि दोन्ही बाजू, चौथ्यात मागची फळी, आडव्या फ्रेम आणि बसायच्या जागा. ८ फुटी शीटमधनं १२ फूट काढायचं तर जोड आलाच. तिरका छाटून चिकटवायचा असेल तर जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर लांब उतार. रंधा धारदार असेल तर चारी कडा एकावर एक पायऱ्या करून एकदमच मारता येतात, प्लायचे थर दिसतात त्या रेघा सरळ आल्या की उतार बरोबर आलाय समजायचं. नाही जमलं तर सरळ कडा भिडवून मागनं प्लायची पट्टी चिकटवा, दिसायला वाईट, मजबुतीला ठीक.

आणि प्लायला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचं मॉडेल करा, एक फुटाला एक इंच मापानं. पुठ्ठा जिथं वाकायला कुरकुरतो तिथं प्लायपण कुरकुरणार.

हुक्केरीचा_मामा

जावईबापू, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा फायबरची हरिगोलू, म्हणजे गोल टोपलीसारखी होडी, घ्या की. तुंगभद्रेवर सगळे तेच वापरतात, पूर्वी बांबूची होती आता फायबरची पण मिळते. डोक्यावर पालथी टाकून माणूस घरी नेतो.

बरं, होडीच करायची असेल तर हिडकलचं ऐका. नदीची होडी आणि धरणाची होडी ह्यात फरक आहे. ५१ टीएमसीचं पाणी पसरलंय, दुपारनंतर वारा धरला की लाट उठते, त्यामुळं बाजू बुटकी ठेवू नका, दीड फूट तरी पाहिजे. दुसरं, उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं हे सगळ्यांना माहीत आहे, फोटो काढायला गर्दी असते, पण देवळाबरोबर जुने बांध, दगड, झाडांची खुंटं पण वर येतात आणि त्यातली निम्मी वीतभर पाण्याखाली असतात, दिसत नाहीत. तळाला कापडाचा एक थर जादा द्या आणि खाली लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या मारा, काठावर मुरमात ओढताना पट्टी झिजू दे, तळ नको.

लायसन मेव्हण्याच्या नावावर आहे, तुमच्या नाही. जाळं टाकताना तो होडीत पाहिजे, नाहीतर मत्स्य खात्याची माणसं आली की सासुरवाडीची ओळख चालत नाही. आणि पाऊस सुरू झाला की माशांची वीण असते, तेव्हा कधी बंद कधी चालू ते हुक्केरीला ऑफिसात विचारून घ्या.

चिकोडीचे_सर

निपाणीकर, बांधण्याआधी एक हिशेब करून ठेवा. सपाट तळाची होडी, तळाची रुंदी ३ फूट, आणि टोकाकडे निमुळती होत जाते म्हणून लांबी ९ फूट धरू. ती १ इंच बुडाली म्हणजे ९ गुणिले ३ भागिले १२, म्हणजे सव्वादोन घनफूट पाणी बाजूला सारलं. एक घनफूट पाण्याचं वजन साधारण २८ किलो, म्हणजे दर इंचाला ६३-६४ किलो. होडी ५५ किलो, दोन माणसं १४०, जाळं-वल्हं १५, मिळून २१०. सव्वातीन इंच पाण्यात जाईल. त्यावर ३० किलो मासे मिळाले (मिळोत!) तर अजून अर्धा इंच. दीड फुटाच्या बाजूत १४ इंच पाण्यावर राहतात, मामा म्हणतात त्या लाटेला पुरे आहेत.

पण हा आकडा तरंगण्याचा झाला, उलटण्याचा नाही. दोघंही एकाच बाजूला जाळं ओढायला वाकले की हिशेब बदलतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या बैठकीखाली हवाबंद पेट्या करा. एक घनफूट हवा म्हणजे २८ किलोचा आधार. दोन्हीकडे मिळून ५ घनफूट केलेत तर होडी पाण्यानं भरली तरी दोघांना धरून राहता येईल. आणि लाइफ जॅकेट. पोहता येतं हे कारण ऐकून घेऊ नका, जाळ्यात पाय अडकला तर पोहणं काय कामाचं.

आमच्या कृष्णाकाठी पुरात गुळाच्या काहिलीत बसून माणसं पलीकडे जातात, ती पण तरंगतेच. तरंगणं सोपं आहे.

निपाणीची_वखार

अरे व्वा, एवढं कुणी सांगितलं न्हवतं. सर, तुमचा हिशेब वहीत लिहून घेतलाय. मामा, हरिगोलू मेव्हण्याला नको, तो म्हणतोय गोल फिरायला ट्यूबच बरी हाय की :)

आता पुढचं विचारतो. मॅट का कापड? किती घेऊ? आणि सांध्यात भरायला ती इम्पोर्टेड पावडर सांगतात व्हिडिओत, इथं काय वापरायचं?

फोंड्यातला_बेळगावकर

मॅट अजिबात नको. मॅटमधले तुटक धागे एकत्र धरायला बाइंडर मारलेला असतो, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळं मॅट ताठच राहते, कोपऱ्यावर बसत नाही आणि रेझिन नुसतं पीत बसते. विणलेलं कापड घ्या, २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम). वोव्हन रोव्हिंग, म्हणजे जाड दोऱ्यांचं कापड, ६०० च्या पुढचं घेऊन कोणी "मजबूत होईल" म्हणालं तर ऐकू नका, तुमच्या होडीला त्याची गरज नाही, ते भिजवायला रेझिन लागतं आणि वजन वाढतं.

बाहेरचं क्षेत्रफळ तुमच्या मापानं ६ चौरस मीटरच्या आसपास येतं. एक मीटर पन्ह्याचं कापड ८-९ मीटर, तळाला जादा थर मामा म्हणतात तसा द्यायचा तर अजून ४ मीटर. आतल्या सांध्यांना ३ इंची पट्ट्या. इपॉक्सी रेझिन-हार्डनर मिळून ९ किलो धरा, जादा थरासकट १०. ह्यात कापड भिजवणं, विणकाम बुजेपर्यंत वरचे दोन हात, आतून दोन हात, सांधे आणि वाया जाणारं सगळं आलं.

उद्यमबाग_पॅटर्न

सांध्यात भरायला लाकडाचा भुसाच वापरायचा. पण करवतीचा दाणेदार न्हवे, सँडिंग मशिनच्या पिशवीतला एकदम बारीक, आणि सागवानाचा नको, त्यात तेल असतंय. मैद्याच्या चाळणीनं चाळून घे. त्यात थोडी सिलिका पावडर टाकली की उभ्या सांध्यावरनं ओघळत न्हाई. आधी रेझिन-हार्डनर पूर्ण कालवायचं, मगच भुसा. घट्टपणा किती, तर श्रीखंडासारखा, चमच्यावर उलटं केलं तरी पडू नये पण पसरवताना मऊ लागावं.

कोरडा भुसा मिसळताना मास्क घाल, सिलिका हवेत लई वेळ तरंगते.

सांध्याचा क्रम असा. कडेपासनं बोटभर आत, दर सहा इंचाला भोकं पाडायची. तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची भंगार तांब्याची घे, किलोवर मिळते, नाहीतर प्लास्टिकचे केबल टाय. आधी सगळं सैल शिवायचं, मग होडी सरळ हाय का बघायचं. पुढं एक, मागं एक आडवी पट्टी ठेवून एका डोळ्यानं बघ, दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. पिळवटलेली होडी ह्याच वेळी सरळ होते, नंतर न्हाई. मग तारा आवळायच्या. दोन तारांच्या मधल्या जागेत भुशाचं मिश्रण लावायचं, रात्रभर वाळू द्यायचं, तारा काढायच्या, मग सलग गोल भरायचं. गोल ओढायला जुनं एटीएम कार्ड कात्रीनं गोल कापून घे. त्या ओल्यावरच फायबरची पट्टी बसवली की घासायचं काम वाचतंय.

शहापूरचा_मूर्तिकार

ह्यात एक भर. कापडावर शेवटचा हात द्यायच्या आधी वरून पातळ नायलॉनचं अस्तर अंथरून रोलरनं दाबा. वाळल्यावर ओढून काढलं की पृष्ठभाग एकसारखा खडबडीत मिळतो. आधी प्लायच्या तुकड्यावर करून बघा, सगळी अस्तरं सुटत नाहीत, काही कायमची चिकटतात. शहापुरात कापडाच्या दुकानात वेगवेगळ्या अस्तराचे वीतभर तुकडे मागून घ्या.

हुक्केरीचा_मामा

वखारीचं दार किती रुंद आहे हो? ४ फुटी होडी बांधाल आणि आतच राहील.

निपाणीची_वखार

मामा!! आत्ता टेप लावून आलो. दार साडेतीन फूट :(

चिकोडीचे_सर

घाबरू नका. होडीची खोली दीड फूट आहे. आडवी करून कुशीवर काढा. दार ६ फूट उंच असेल तरी निघते. फक्त दारासमोर वळायला १२ फूट मोकळी जागा आहे का, ते मात्र बघा.

निपाणीची_वखार

समोर अख्खं अंगण हाय, सर. जीवात जीव आला.

बरं वेळेचं सांगा. शनिवार-रविवारच मिळतो मला.

उद्यमबाग_पॅटर्न

फेब्रुवारी-मार्च बेस्ट. सुतारकाम आणि शिवणं आत्ता उरक. एप्रिलमध्ये कापड चढवायचं तर वळवाचं भान ठेव, एप्रिल-मेत दुपारी ऊन आणि संध्याकाळी गारांचा पाऊस, हवा एकदम दमट. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, एचवाय ९५१ ला तर जास्तच. तो दिसला तर घासू नकोस, घासलास की कागदात भरतो आणि खाली रगडला जातो. साध्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबनं धू, पुसून वाळव, मग घास. हे न करता वरचा हात दिला की तो हात पोपडे धरून निघतो.

आणि वेळ संध्याकाळची पकड. सकाळी लावलंस तर दिवस तापत जातो, प्लायमधली हवा फुगून बाहेर यायला बघते आणि इपॉक्सीत बारीक फोड उठतात. उन्हं कलल्यावर लावलंस की प्लाय निवत जातो, हवा आत ओढली जाते आणि त्याच्याबरोबर इपॉक्सी पण आत मुरतंय. वखारीचा पत्रा दुपारी किती तापतो ते तुलाच माहीत, चारच्या आधी डबा उघडू नको.

दोन हातांच्या मधी चोवीस तास गेले तर घासल्याशिवाय पुढचा हात न्हाई. त्याच संध्याकाळी, बोट लावलं की चिकट लागतंय पण बोटाला येत न्हाई अशा वेळी दुसरा हात दिलास तर घासायचं कारण न्हाई. शनिवार-रविवारवाल्यानं शनिवारी संध्याकाळी सुरू करून रात्री उशिरापर्यंत दोन्ही हात उरकायचे, बायकोला आधी सांगून ठेव.

फोंड्यातला_बेळगावकर

रंगाचं कोणी बोललं नाही. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळं पडतं मग पिठूळ होतं, कापड उघडं पडतं. "पारदर्शक ठेवू, लाकूड छान दिसतंय" हा मोह सगळ्यांना होतो. आठवडाभर पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. आतून फिका रंग द्या, गडद रंगावर उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही. वरच्या कडेला सागाची पट्टी लावणार असाल तर चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्या, सागाचं तेल चिकटू देत नाही. जुन्या चौकटीचं सागवान असेल तर तेच वापरा, नवीन घेऊ नका, पैसे कशाला घालवता.

आणि पैशाचं राहिलं. दर बदलतात म्हणून आकडा देत नाही, पण सगळ्यात मोठा वाटा इपॉक्सीचा, त्याखालोखाल प्लाय, मग रंग. कापड तुलनेनं स्वस्त. काटकसर करायची तर वल्ही घरी करा, रंगात थोडी करा. प्लायमध्ये नको.

चिकोडीचे_सर

मेव्हणे मच्छीमार सोसायटीचे सभासद असतील तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचं विचारून ठेवा. २०२० साली सुरू झाली, सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असा अनुदानाचा सांगाडा होता. त्यात तयार होडी आणि जाळं बसत असेल तर तेही तोलून बघा.

निपाणीची_वखार

सर, मेव्हण्याला सांगतो, पण आता मला बांधायचीच हाय, कागदपत्रं फिरत राहू देत तिकडं. पुठ्ठ्याचं मॉडेल काल रात्री केलं, पुढच्या टोकाला पुठ्ठा खरंच कुरकुरतोय, बाजूची पट्टी तिथं फार वळते.

फोंड्यातला_बेळगावकर

मग टोक जरा बोथट करा, किंवा पुढनं पण मागच्यासारखी छोटी आडवी फळी द्या, टोकच नको. धरणावर जाळं टाकायला तशी होडी जास्त सोयीची, पुढं उभं राहायला जागा मिळते आणि प्लायला पीळ पडत नाही. लांबी पण थोडी वाचते, छोटा हत्तीत टाकताना मागं कमी लोंबेल.

निपाणीची_वखार

हे बरं झालं. तसंच करतो. पॅटर्नवाले अण्णा, पुढच्या आठवड्यात बेळगावला येतोय, रेझिन घ्यायच्या आधी तुमच्याकडं येऊन कालवताना एकदा बघू का?

उद्यमबाग_पॅटर्न

ये की, त्यात काय विचारतोस. पत्ता व्यनित (खासगी निरोपात) टाकलाय. दुपारनंतर ये, सकाळी डिलिव्हरीची गडबड असते. येताना घेणार हायस त्या प्लायचा हातभर तुकडा आण, त्यावरच कापड बसवून दाखवतो, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर तो हातोड्यानं तोडून बघ, थर सुटतोय का प्लाय मोडतोय. आणि चांगले कपडे घालून येऊ नको.